‘बिन’च्या पुढचं नाव

वाचकाचं पत्र

मी ५४ वर्षांची. वाई तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. २०१६ साली हौसेने जुन्या मोडी लिपीचा वर्ग केला, परीक्षा दिली आणि पुढची तीन वर्षं दर रविवारी एखाद-दुसरा कागद वाचत होते. मग आईचं आजारपण आलं. तिला विस्मरणाचा आजार होता. शेवटी शेवटी ती मला तिची मावशी समजायची. २०२२ मध्ये ती गेली. या सगळ्यात मोडी सुटली ती सुटलीच.

गेल्या महिन्यात भाचा आमच्या मूळ गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीतल्या एका पानाची झेरॉक्स घेऊन आला. “मावशी, तुला येतं ना? पणजोबांची नोंद आहे का बघ.” तारीख लागली, ‘मौजे’ लागलं, ‘बिन’ (म्हणजे अमक्याचा मुलगा) लागलं. पुढे काहीच लागेना. त्याच्यासमोर चष्मा पुसत बसले.

त्या रात्री यादी केली : मोडी, पेटी, मराठी टायपिंग, पोहणं. शाळेत तीन वर्षांपूर्वी प्रथमोपचाराचं प्रशिक्षण झालं होतं, तेही यात धरा. आता एक वही करावी आणि दर महिन्याला प्रत्येक गोष्ट किती टक्के उरली ते लिहावं, असं मनात आहे. अशी वही ठेवावी का? कशी? आणि खरं विचारायचं आहे ते हे : ही आईच्या वाटेची सुरुवात तर नाही ना?

— एक वाचक, वाई

उत्तर

ताई, शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीचं पत्र त्या प्रश्नाच्या भोवतीच लिहिलंय हे कळतं.

तुम्ही कागद हातात घेतलात तेव्हा शेवटच्या सरावाला पाच-सहा वर्षं उलटली होती. एवढ्या काळानंतर मोडीचं पान घडाघडा वाचता आलं असतं, तर मला नवल वाटलं असतं. तुमच्या आईचं जे गेलं ते रोजच्या वापरातलं होतं. समोर बसलेली लेक, तिचं नातं, घरातली नेहमीची माणसं. तुमचं गेलंय ते इतकी वर्षं हातच न लावलेलं. या दोन गोष्टी दिसायला सारख्या वाटतात, पण एक नाहीत. पत्रावरून कुणाची तपासणी होत नाही, ती मी करणारही नाही. पण रोजच्या वापरातल्या गोष्टी निसटू लागल्या, तोच प्रश्न तासाभरात तिसऱ्यांदा विचारला जाऊ लागला, ओळखीच्या रस्त्यावर गोंधळ व्हायला लागला किंवा हिशेबाची गडबड घरच्यांच्या लक्षात यायला लागली, तर थांबू नका, डॉक्टरांकडे जा. आणि यातलं काहीही होत नसेल, पण धास्तीने झोप लागत नसेल, तरीही जा. स्मरणशक्तीची प्राथमिक तपासणी साधी असते, आणि आईचा आजार जवळून पाहिलेल्या माणसाने ती करून घेण्यात लाज कसली? फक्त डॉक्टरांचं काम वहीकडून करून घेऊ नका. दर महिन्याला स्वतःला टक्के द्यायला बसलात, तर प्रत्येक घसरलेल्या आकड्यात तुम्हाला आईच दिसेल.

वही मात्र ठेवा. ती कशाची ठेवायची, एवढंच बदलू या.

घोडा का अडला, पान का सडलं, भाकरी का करपली? न फिरवल्यामुळे. हे कोडं तुम्ही वर्गात किती वेळा घातलं असेल. तिन्हीचं उत्तर एकच म्हणून आपण तिन्ही एका दमात म्हणतो. पण तव्यावरची भाकरी करपायला मिनिट पुरतं, पान सडायला काही दिवस जातात आणि घोडा अडून बसायला त्याहून जास्त. फिरवायचं तिघांनाही आहे, पण प्रत्येकाची मुदत वेगळी. तुमच्या यादीतल्या पाच गोष्टींचंही असंच आहे. वहीत काढायची आहे ती मुदत : अमुक गोष्ट किती दिवस बाजूला ठेवली तर चालतं, आणि कुठल्या दिवसापासून ती हातची जायला लागते.

टक्के का नकोत, तेही सांगते. हेरमान एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने १८८५ साली स्वतःच्याच विसरण्याचा हिशेब छापला. अर्थ नसलेल्या अक्षरसमूहांच्या याद्या तो पाठ करायचा आणि काही काळाने पुन्हा त्याच पाठ करायला बसायचा. त्याने मापलं ते ‘आता किती आठवतं’ हे नव्हे. पुन्हा पाठ करताना पहिल्यापेक्षा किती कमी मेहनत लागली, हे त्याने मापलं. पहिल्यांदा १० मिनिटं लागली आणि महिन्याने ८ लागली, तर २ मिनिटांची बचत. त्याच्या आकड्यांत २० मिनिटांनी ५८ टक्के बचत होती, दुसऱ्या दिवशी ३४ टक्क्यांवर आली. पण पूर्ण महिना गेल्यावरही २१ टक्के शिल्लक होती. म्हणजे घसरण सुरुवातीला धाडकन होते आणि मग मंदावते. मला यातलं मोलाचं वाटतं ते पुढचं. यादी एरवी आठवायला गेलं तर हाती काही लागणार नाही, असं वाटण्याच्या अवस्थेतही पुन्हा शिकताना वेळ वाचतोच. आतमध्ये काहीतरी असतं, ते हाक मारल्यावर लगेच बाहेर येत नाही इतकंच. तेव्हा ‘येतं की नाही’ हा प्रश्न वहीत नकोच. ‘परत यायला किती बैठका लागल्या’ हा असू द्या.

हे मी स्वतःच्या अनुभवावरून लिहितेय. मीही मोडी वाचते आणि माझीही सुटली होती. २०२३ च्या अखेरीस कुणबी नोंदी शोधायचं काम राज्यभर निघालं आणि मोडी जाणकारांची एकदम शोधाशोध सुरू झाली. एका ओळखीच्या कुटुंबाने मला त्यांचे कागद बघायला बोलावलं. आठ महिन्यांचा खंड पडला होता, पण ते माझ्या लक्षातही नव्हतं. येतं आपल्याला, याच भरवशावर गेले. पहिल्या दहा ओळींना पाऊण तास लागला आणि अर्धे शब्द रिकामे सोडले. ते लोक चहा आणून ठेवत होते आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. हात आणि नजर गेली तरी ‘आपल्याला येतं’ ही भावना जागची हलत नाही. तिच्यावर विसंबून मी कुणाच्या तरी कामाला हो म्हटलं, हे मला आजही लागतं. म्हणून वही.

पहिल्यांदा केली तेव्हा चुकीची केली. एक सनद निवडली आणि दर महिन्याला घड्याळ लावून तीच वाचायची. वेळ कमी कमी होत गेला, मी खूश. मग लक्षात आलं की मी मोडी वाचतच नाहीये, पाठ झालेला मजकूर म्हणतेय. तुम्ही ही चूक करू नका. एकाच काळातल्या, शक्यतो एकाच वळणाच्या अक्षरातल्या दहा-बारा पानांच्या प्रती काढा, न वाचता पाकिटात घाला आणि पाकीट बंद करून ठेवा. मोजणीच्या दिवशी त्यातलं एकच पान बाहेर काढायचं. आधी उजळणी नाही, बाराखडीवर नजर टाकायची नाही. थेट पहिल्या दहा ओळी. किती मिनिटं लागली आणि किती शब्द रिकामे राहिले ते लिहा. याला मी ‘गार वाचन’ म्हणते. मग बाराखडी काढा, जुने ओळखीचे कागद वीस-पंचवीस मिनिटं वाचा आणि त्याच नव्या पानाच्या पुढच्या दहा ओळी घ्या. हे ‘गरम वाचन’. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा. गार आकडा वाईट आणि गरम आकडा चांगला असेल, तर कौशल्य जागेवर आहे, फक्त थंड पडलंय. दोन्ही वाईट असतील, तर मात्र खरंच पुन्हा शिकायला बसायला हवं. भाच्यासमोर तुमचं झालं ते नुसतं गार वाचन. गरम वाचन तुम्ही केलंच नाही आणि रात्री निकाल लावून मोकळ्या झालात.

तिसरा रकाना सगळ्यात कामाचा : कशावर अडले. मोडीत हे एकसारखं नसतं, तुम्हाला माहीत आहे. शिरोरेषा आधी पानभर ओढून मग तिच्याखाली अक्षरं लिहिलेली, हात न उचलता, शब्दांत अंतर न सोडता. माझं आधी काय गेलं ते वहीतून कळलं. सुटं अक्षर जवळजवळ गेलंच नव्हतं. गेली होती ती ओळ फोडायची सवय, एक शब्द कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला हे दिसणं. त्याच्या मागोमाग काना लागल्यावर रूप बदलणारी अक्षरं गेली, आणि ‘र’ची ती निरनिराळी वळणं. पेशवेकाळातल्या कागदांवरची, अरबी शब्दांत लिहिलेली सालंही गेली. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार मिळून ११६१, इसवी सन काढायला त्यात मृगाच्या आधीचा महिना असेल तर ६०० मिळवायचे, मृगानंतरचा असेल तर ५९९. म्हणजे पानिपतचा जानेवारी १७६१. हे एकेकाळी मी चालता चालता सांगायचे. खंडानंतर बोटं मोजत बसले. हे कळल्यावर सरावही बदलला. बाराखडी घोटवत बसले नाही, नुसत्या ओळी फोडायला घेतल्या. पेन्सिलने शब्दांमध्ये उभ्या रेघा मारायच्या, अर्थ लागो न लागो. तिसऱ्या रविवारी डोळा पुन्हा बसायला लागला.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, नाहीतर वही बघून गोंधळ होईल. मोजणी हाच सराव असतो. दर महिन्याला स्वतःची परीक्षा घेतलीत, तर त्या परीक्षेनेच विसरणं लांबतं. म्हणजे शुद्ध घसरण वहीत कधी दिसणारच नाही. आपल्याला ती बघायचीही नाहीये. चार आठवडे दर रविवारी वाचा. गार आकडा बरा आला की अंतर पंधरा दिवसांचं करा, मग महिन्याचं, मग दोन महिन्यांचं. ज्या टप्प्यावर रिकाम्या जागा एकदम वाढतील, त्याच्या अलीकडचं अंतर ही तुमची मुदत. माझी मोडीची मुदत साधारण पाच आठवडे निघाली. तुमची वेगळी निघेल, आणि मला वाटतं माझ्यापेक्षा लांब निघेल.

कारण तुम्ही तीन वर्षं रविवार पाळले होते. हॅरी बाहरिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८४ मध्ये ७३३ जणांचा अभ्यास छापला. त्यांनी शाळा-कॉलेजात स्पॅनिश शिकली होती आणि नंतर फारशी वापरली नव्हती. कुणाला थोडी वर्षं झाली होती, कुणाला पन्नास. पहिल्या तीन ते सहा वर्षांत घट झाली, आणि मग जे उरलं ते पुढे तीस वर्षांपर्यंत जवळजवळ जागचं हललं नाही. उरलं ते सगळ्यांचं सारखं नव्हतं. मुळात जितकं पक्कं शिकलं होतं, तितकं जास्त उरलं. आता तुमचं पत्र पुन्हा वाचा. तारीख लागली, ‘मौजे’ लागलं, ‘बिन’ लागलं. ताई, तुम्ही याला ‘पुढे काहीच लागेना’ म्हणता. मला ही तुमची गोठून पक्की झालेली जमीन दिसते. घसरणीची वर्षं तुम्ही जवळजवळ ओलांडली आहेत. इथून पुढे वाट खालीच जाते असं नाही.

आता यादीतल्या ज्या गोष्टीला तुम्ही अर्धं वाक्य दिलंत, तिथे मला थांबायचंय. प्रथमोपचार. मोडी अडली तर भाचा चार दिवस थांबेल. शाळेच्या मैदानावर कुणी कोसळलं, श्वास थांबला, तर कुणी थांबणार नाही. आणि तुमच्या पाचांमध्ये भाकरी हीच आहे. पोहण्या-सायकलीसारखं सलग हालचालीचं कौशल्य वर्षानुवर्षं टिकतं. ज्यात ठराविक क्रमाने, मोजून मापून पायऱ्या करायच्या असतात आणि जे रोज करायची वेळ येत नाही, ते भराभर जातं. सीपीआरचं, म्हणजे श्वास थांबलेल्या माणसाची छाती दाबून त्याला श्वास देण्याचं, प्रमाणपत्र सहसा दोन वर्षांचं असतं, पण हातातलं कौशल्य तीन ते सहा महिन्यांतच उतरायला लागतं, असं वेगवेगळ्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. तुमच्या प्रशिक्षणाला तीन वर्षं झाली.

मी आमच्या सोसायटीतल्या उजळणीला वर्षभराने गेले होते. आकडे तोंडपाठ होते : मोठ्या माणसाला मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, ३० दाब आणि २ श्वास. पुतळ्यावर हात ठेवला आणि दाबायला लागले. पुरेसा खोल दाब बसला की त्या पुतळ्यात टक असा आवाज होतो. माझा होईना. शिकवणाऱ्या बाईंनी माझी कोपरं सरळ केली, खांदे हाताच्या बरोबर वर आणले, तेव्हा पहिला टक आला. विसाव्या दाबापर्यंत पुन्हा कोपरं वाकली आणि आवाज बंद. डोक्यात सगळं होतं, हातात नव्हतं. हे घरी वहीत मोजून कधीच कळलं नसतं.

म्हणून या एका गोष्टीला स्वतःची मुदत शोधत बसू नका, दुसऱ्यांनी शोधून दिलेली घ्या. वैमानिकांच्या बाबतीत तर ती नियमातच असते : प्रवासी घेऊन उडायचं तर आधीच्या ९० दिवसांत किमान तीन उड्डाणं आणि तीन लँडिंग झालेली हवीत. किती अनुभवी आहात, हे तिथे कुणी विचारत नाही. मुख्याध्यापकांना सांगून सहा महिन्यांतून एकदा अर्ध्या तासाची उजळणी पुतळ्यासकट ठेवून घ्या, सगळ्या शिक्षकांसाठी. शिकवायला येणारे शिकवतात ती आत्ताची पद्धत घ्या, तीन वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीवर जाऊ नका. आणि १०८ला फोन कोण करणार हे त्याच दिवशी ठरवून टाका.

बाकीच्या तिघांबद्दल थोडक्यात. पोहणं विसरलेलं नसतं, पण दम विसरतो. हात-पाय पहिल्या मिनिटात सगळं आठवून दाखवतात आणि तिथेच माणूस फसतो. कृष्णेच्या घाटावर जुन्या आठवणीने उडी घेऊ नका. तलावात, कमी खोलीच्या बाजूला, कुणीतरी सोबत असताना सुरुवात करा.

टायपिंगचं मोजमाप सोपं आहे, मिनिटाला किती शब्द. परीक्षेला ३० शब्दांचा वेग काढला असाल, आज २० निघेल. पण तुम्हाला ते लागतं का? पत्र तुम्ही हाताने लिहिलंत, सुरेख अक्षरात. वहीचा हाही एक उपयोग असतो : एखाद्या गोष्टीसमोर तारीख घालून ‘सोडलं’ असं लिहिता येतं. आईच्या आजारपणात जे सुटलं, ते सगळंच परत आणण्याचं ओझं तुमच्यावर नाही. त्या वर्षांत तुम्ही जे शिकलात, रात्री तिला शांत करणं, भरवणं, तिच्या चुकीच्या हाकेला ओ देणं, ते या यादीत कुठेच नाही.

पेटी मात्र सोडू नका. तिला घड्याळ लावू नका, वहीही दाखवू नका. संध्याकाळी दहा मिनिटं भाता हलवा. बोटं जड वाटतील, द्रुत लयीत घसरतील, पण सूर कुठे आहे हे कानाला माहीत असतं. काही गोष्टी मोजायला लागलं की त्यांची गोडी जाते, आणि गोडी गेली की सरावही जातो.

आता त्या कागदाचं. ती झेरॉक्स आज पुन्हा काढून बसू नका. तीही पाकिटात घाला, सगळ्यात खाली. भाच्याला सांगा, महिना दे. पहिले दोन रविवार तुमच्या २०१६-१७ च्या वर्गातले कागद काढा. त्यावर तुमच्याच पेन्सिलच्या खुणा असतील, त्या तुम्हाला हात देतील. तिसऱ्या रविवारी जन्म-मृत्यूच्या नोंदवहीतली दुसरी एक-दोन पानं मागवून घ्या, पणजोबांचं सोडून. या नोंदवह्या सनदांपेक्षा सोप्या जातात, कारण त्यांत तेच शब्द परत परत येतात. गावाचं नाव, ‘बिन’, वय, मरणाच्या कारणात ‘पटकी’, ‘देवी’, ‘ताप’. एका ओळीत जो शब्द अडला तो चार ओळी खाली स्वच्छ लिहिलेला सापडतो. लिहिणारा एकच असेल तर त्याच्या हाताची ओळख व्हायला लागते, आणि तीच तर खरी मजा. तुम्हाला ती आठवत असेल.

चौथ्या रविवारी भाच्याला बोलवा आणि ते पान त्याच्यासमोरच उघडा. आधी गार वाचा, अडलात तर अडलात. मग शेजारी बाराखडी ठेवा आणि त्याला प्रत्येक अक्षर दाखवत जा. तोही शिकेल थोडंसं. ‘बिन’च्या पुढे कुणाचं नाव निघालं ते मला जरूर कळवा.